ट्रेलरवर गाड्या नेताना: चढवण्यापासून किल्ली हातात देईपर्यंत

जालन्याहून सळई भरून मी अकरा वर्षं ट्रेलर चालवला. 2009च्या आसपास चाकणला मोटारींचे मोठे कारखाने एकामागून एक सुरू झाले. घर राजगुरुनगरला, म्हणजे हाकेच्या अंतरावर, म्हणून सळई सोडली आणि कार कॅरिअरवर, म्हणजे खाली-वर दोन मजल्यांवर मोटारी नेणाऱ्या ट्रेलरवर, बसलो. पहिली खेप कोल्हापूरची, आठ छोट्या गाड्यांची. पंचवीस टन सळई घाटातून उतरवलेल्या माणसाला आठ छोट्या गाड्यांचं काय वाटणार? एकेक गाडी 900 किलोच्या आतबाहेर, सगळ्या मिळून सव्वासात टन. ट्रेलर हाताला अगदी हलका लागत होता. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यापुढे चहाला थांबलो तेवढ्यात क्लीनरने हाक मारली, "उस्ताद, वरची शेवटची गाडी बघा." एका चाकाचा पट्टा सुटून लोंबत होता आणि ती गाडी वीतभर पुढे सरकून पुढच्या गाडीच्या डिकीला टेकली होती. बंपरला पोचा, डिकीच्या पत्र्यावर चरा. पुरते सत्तर किलोमीटरही झाले नव्हते.

सळई एकदा बसली की आपल्या वजनाने बसून राहते. मोटार तशी बसत नाही. ती ट्रेलरवर चाकांवर उभी असते, स्वतःच्या स्प्रिंगांवर डोलत असते. तिला स्वतःची बॅटरी असते, आणि हल्लीच्या गाड्यांना तर स्वतःचं डोकंही असतं. या धंद्यात मी पाहिलेले बहुतेक घोटाळे यातूनच झालेले आहेत. आणि त्यातले निम्म्याहून जास्त रस्त्यावर घडले नाहीत, यार्डात घडले. तिथे चूक झाली आणि ती पुढे कुठेतरी उघडी पडली.

गेली काही वर्षं मी चाकणला नव्या ड्रायव्हरांना लोडिंग शिकवतो. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो आहे. ज्यांना आपली स्वतःची गाडी दुसऱ्या गावी पाठवायची आहे, त्यांच्यासाठीही पुढे थोडं आहे.

गाडीला हात लावायच्या आधी

पहिलं काम घोडा (म्हणजे ट्रेलर ओढणारं पुढचं इंजिन-केबिन) आणि ट्रेलर यांच्या जोडाचं. किंगपिन (ट्रेलरखालची जोडाची पिन) फिफ्थ व्हीलमध्ये (घोड्याच्या पाठीवरच्या जोडप्लेटमध्ये) बसली, 'खट्' असा आवाज आला, एवढ्यावर समाधान मानू नका. टॉर्च घेऊन खाली वाका आणि जबडा पिनेभोवती पुरता मिटलाय का ते डोळ्यांनी बघा. वरची प्लेट आणि खालची प्लेट यांच्यामध्ये उजेड दिसता कामा नये. मग ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवा, पहिला गिअर टाका आणि घोडा हलकेच पुढे ओढून बघा. जोड सुटायचा असेल तर तो यार्डात सुटू दे, आठ गाड्या वर असताना चौकात नको. ब्रेकच्या हवेचे लाल आणि पिवळा होजपाइप आपापल्या जागी आहेत ना, कुठे घासत नाहीत ना, हेही त्याच फेरीत बघून घ्यायचं.

ट्रेलर सोडून ठेवायचा असेल तर लँडिंग लेगखाली, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टेकूच्या पायांखाली, फळी घाला. पावसाळ्यात हे विसरूच नका. एका जुलैमध्ये मी मुरमाच्या यार्डात ट्रेलर उभा करून घोडा सर्व्हिसिंगला नेला. रात्रभर पाऊस झाला. सकाळी बघतो तर एका बाजूचा पाय टाचभर खाली गेलेला आणि ट्रेलर तोंडावर कललेला. गाड्या चढवल्या नव्हत्या म्हणून निभावलं. तेव्हापासून दीड-दीड फुटाचे सागाचे दोन तुकडे माझ्या टूलबॉक्समध्ये कायम असतात.

दुसरं, अंगावरचे कपडे. गाडी चढवणाऱ्याच्या कमरेला बक्कलचा पट्टा नको, बोटात अंगठी नको, मनगटात घड्याळ किंवा कडं नको, शर्टाला बाहेरून चेन नको. बंद बॉडीच्या ट्रेलरमध्ये गाडी आणि पत्रा यांच्यात इतकी कमी जागा असते की पुष्कळदा खिडकीतून बाहेर निघावं लागतं. नव्या कोऱ्या दारावर बक्कल घासलं की तो चरा थेट हिशेबात लागतो. मी हातातला तांब्याचा कडासुद्धा काढून केबिनमध्ये ठेवतो.

तिसरं, फोटो. प्रत्येक गाडीचे चार कोपरे, छप्पर, चारही चाकांच्या रिमा, काच, आणि आतला किलोमीटरचा आकडा. यार्डातून निघतानाच ज्या गाडीवर ओरखडा आहे तो आत्ताच बिल्टीवर (मालाच्या वाहतूक-पावतीवर) लिहून घ्या, सही घ्या. नाहीतर तो ओरखडा दीड हजार किलोमीटरवर तुमच्या नावावर जमा होतो. गाडी धुळीने माखलेली असेल तर फडक्याने कोरडी पुसू नका. धूळच पत्र्यावर ओरखडे पाडते. पाणी मारा, मग बघा.

रॅम्प

रॅम्पवर घाई झाली की काहीतरी मोडतंच. आमच्याकडे घाईचे दिवस ठरलेले आहेत. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी. गिऱ्हाइकाला त्या दिवशी गाडी दारात हवी असते, शोरूमवाला आठवडाभर फोन करत असतो, आणि यार्डात रात्री अकरालाही लोडिंग चालू असतं. त्या आठवड्यात मी नव्या पोराला एकट्याने गाडी चढवू देत नाही.

ट्रेलर सपाट, टणक जमिनीवर आणि घोड्याशी सरळ रेषेत उभा करा. घोडा थोडासा जरी वळलेला असला तरी डेक, म्हणजे गाड्या उभ्या करायचा मजला, तिरपा होतो, आणि आठ फुटांच्या रुंदीत तो तिरपेपणा शेवटच्या गाडीला नडतो. चाकांना गुटके (अडकणीचे ठोकळे) लावा. मगच रॅम्प सोडा.

खाली बसणाऱ्या गाड्यांचं पोट किंवा पुढचा ओठ रॅम्पच्या कोपऱ्याला घासतो. जमिनीवरून रॅम्पवर चढताना बंपर घासतो, आणि रॅम्पवरून डेकवर येताना पोट. म्हणून रॅम्पच्या पायथ्याशी लाकडी फळ्या टाकून चढ लांबवायचा. बुटकी गाडी असेल तर क्लीनरला गुडघ्यावर बसवून बंपरखालची फट बघायला लावा. आपल्याला आतून काही दिसत नाही. रॅम्प ओला असेल, त्यावर चिखल किंवा डिझेल असेल, तर आधी झाडू, मग भुसा किंवा वाळू. चाक फिरलं की माणूस ॲक्सिलरेटर दाबतो आणि पकड आली की गाडी उसळी मारते. पुढे दोन फुटांवर दुसरी गाडी उभी असते, हे त्या क्षणी आठवत नाही.

चढवताना आपल्या बाजूची काच खाली ठेवा, म्हणजे क्लीनरचं ऐकू येतं. गाणी बंद. हाताच्या खुणा दोघांनी आधी ठरवून घ्या, आणि खूण करणारा एकच माणूस असावा. दोन माणसं दोन बाजूंनी "येऊ दे, येऊ दे" ओरडत असतील तर थांबा. आणि खूण करणारा दिसेनासा झाला की जागच्या जागी ब्रेक.

कुठली गाडी कुठे, हेही ठरवून चढवा. जड गाड्या खाली, आणि शक्यतो चाकांच्या जवळ. वरच्या डेकवर दोन-दोन टनांच्या एसयूव्ही आणि खाली हॅचबॅक अशी मांडणी उतरवायला सोयीची असली तरी करू नका. वजन वर गेलं की वळणावर ट्रेलर आधी कलतो आणि मग परत यायला वेळ घेतो. हातातलं स्टिअरिंग तेव्हा काहीच सांगत नाही.

डेक हायड्रॉलिकवर उचलत असाल तर उचलून झाल्यावर लॉकपिना घातल्याच पाहिजेत, आणि डेकचं वजन पिनांवर टेकलेलं पाहिजे. सिलिंडरवर लटकत ठेवू नका. एखादा होज फुटला की डेक खाली बसतो आणि खालच्या गाडीचं छप्पर वरच्या गाडीचं ओझं झेलतं. अधांतरी डेकखाली माणसाने डोकं घालायचं नाही. हा नियम माझ्या यार्डात कुणासाठीही मोडत नाही, मालक आला तरी.

वरून पडणं ही सगळ्यात वाईट दुर्घटना. माझ्याबरोबर चार वर्षं असलेला एक क्लीनर ओल्या डेकवरून घसरून खाली आला आणि मनगट मोडून घेतलं. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात रॅचेट (पट्टा आवळायची कळ), आणि शिडीवर एकच पाय. चढताना-उतरताना दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात, एवढं टेकलेलं हवंच. सामान दोरीने वर ओढा. त्या पोराला पुढे वर्षभर जड काही उचलता आलं नाही, आणि त्याच्या घरी जाऊन हे सांगणारा मीच होतो.

पट्टे

आता त्या कोल्हापूरच्या खेपेकडे येतो, कारण पट्ट्याचं गणित मला तिथे उमगलं. मी सळई बांधायचो तसा पट्टा गाडीच्या खालच्या चौकटीला अडकवून खाली आवळला होता. आवळताना गाडी स्प्रिंगवर खाली दबली आणि पट्टा तारेसारखा ताठ झाला. मला वाटलं काम झालं. पण खड्डा आला की गाडी आणखी खाली दबायची, त्या क्षणी पट्टा सैल व्हायचा, हूक हलायचा. असं शेकडो वेळा झाल्यावर हूक आपोआप निघाला.

म्हणून चाक बांधायचं, अंग बांधायचं नाही. चाक डेकला जखडलं की वर गाडीचं अंग स्प्रिंगवर खुशाल डोलू दे, पट्ट्याला त्याचा पत्ता लागत नाही. पट्टा टायरच्या वरून घ्या, दोन्ही बाजूंना डेकच्या भोकांत किंवा पट्टीत हूक अडकवा, रॅचेटने आवळा. पट्टा टायरच्या मधोमध बसला पाहिजे. कडेला सरकलेला पट्टा पहिल्या वळणावर टायरवरून उतरतो. पट्टा ब्रेकच्या पाइपला किंवा रिमच्या धारेला लागत नाही ना ते बोट फिरवून बघा. रिमला लागत असेल तर मध्ये रबराचा तुकडा घाला. प्रत्येक बांधलेल्या चाकाच्या पुढे-मागे गुटका. किती चाकं बांधायची हे कंपनीच्या कागदावर लिहिलेलं असतं. मी कागदापेक्षा एक जास्त बांधतो, आणि वरच्या डेकची शेवटची गाडी चारही चाकांना.

हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर 'पी'वर. आरसे मिटलेले, काचा पूर्ण वर, अँटेना काढता येत असेल तर काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात. गाडीभोवती हाताचा पंजा आडवा जाईल एवढी फट चारही बाजूंनी हवी, कारण गाडी जागच्या जागीसुद्धा दोन-तीन बोटं झुलते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. यार्ड सोडल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबा. पट्टे ताणून जागेवर बसलेले असतात, टायर थोडे दबलेले असतात, आणि आवळलेला पट्टा हाताला सैल लागतो. प्रत्येक रॅचेटला हात लावून पुन्हा आवळा. नुसतं खालून बघून चालत नाही, वर चढावं लागतं. त्यानंतर प्रत्येक थांब्यावर, आणि मोठ्या पावसानंतर. त्या दिवशी मी चाकणपासून खेड-शिवापूरपर्यंत एकदाही न थांबता आलो होतो. मधल्या बायपासवर दहा मिनिटं थांबलो असतो तर डिकी वाचली असती.

उंचीचा बांबू

मोटारी नेणाऱ्या ट्रेलरला नियमाने 4.75 मीटरपर्यंत उंची चालते. पण पूल, फलक, पेट्रोल पंपाचं छप्पर आणि गावातल्या तारा हा नियम वाचून बांधलेल्या नसतात. उघड्या ट्रेलरवर तर खेपेगणिक उंची बदलते. काल वर हॅचबॅक होती, आज एसयूव्ही आणि तिच्या छपरावर रूफ रेल. ट्रेलर तोच, ड्रायव्हर तोच, आणि काल ज्या फांदीखालून निघालो ती आज छपरावरून फिरते.

माझ्याकडे एक बांबू आहे. त्यावर चुना आणि काळ्या रंगाने मीटरच्या खुणा केल्यात. लोडिंग झालं की सगळ्यात उंच जागेला बांबू लावून आकडा घेतो आणि खडूने केबिनमध्ये समोर लिहितो. रस्त्यावर शंका आली की खाली उतरून तोच बांबू पुलाला लावतो. एक गोष्ट लक्षात ठेवा, पुलाखालच्या रस्त्यावर नवा डांबराचा थर पडला की फलकावरची उंची खोटी ठरते. आणि पुलाखालून जाण्याआधी रस्ता उताराचा असेल तर ट्रेलरचा मधला किंवा मागचा भाग पुढच्यापेक्षा वर येतो. तोंड निघालं म्हणजे शेपूट निघेल असं नाही.

तारेला बांबू लावायचा नाही. ओला बांबू वीज वाहून नेतो. तार खाली आलेली दिसली तर ट्रेलर मागे घ्या किंवा वीज मंडळाच्या माणसाला बोलवा, कितीही वेळ जाऊ दे.

रस्त्यावर

कार कॅरिअर लांब असतो, आणि त्याच्या मागच्या चाकांमागे बरीच बॉडी बाहेर आलेली असते. त्यामुळे दोन गोष्टी एकदम होतात. उजवीकडे वळताना मागची चाकं आतून कापत जातात, आणि त्याच वेळी शेपूट डावीकडे बाहेर झुलतं. चाकणच्या चौकात दुचाकीवाला डाव्या अंगाला येऊन उभा असतो. तो आपल्याला सरळ जाणारा ट्रक समजतो. वळण घेण्याआधी डाव्या आरशात दोनदा बघा, शेपटाजवळ माणूस असेल तर थांबा. तो रागाने हॉर्न मारेल, मारू दे.

घाटाबद्दल जुने ड्रायव्हर सांगतात की ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. मी एक गिअर आणखी खालचा धरतो. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा, मध्यावर नाही. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनचा धूर अडवून वेग उतरवणारा ब्रेक, वापरा. पायाचा ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दाबा, वेग उतरवा, पूर्ण सोडा. ड्रम तापला की लायनर पकडत नाही, मग कितीही दाबा.

डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारणारे अजून आहेत. कात्रजच्या नव्या बोगद्यातून पुण्याकडे येताना नवले पुलापर्यंतचा तो लांब उतार ज्यांनी पाहिलाय, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला अडवत नाही, सगळं ओझं ब्रेकवर येतं, आणि खाली पुलाशी शहराची वर्दळ उभी असते. तिथे किती घरं उद्ध्वस्त झाली हे पुण्यातला प्रत्येक माणूस जाणतो. तसाच मध्य प्रदेशात शिरताना बिजासनचा घाट, आणि त्यापुढे धामनोदच्या वरचा गणपती घाट. तिथून उतरताना मी केबिनमध्ये कुणाला बोलू देत नाही.

एक गोष्ट नव्या ड्रायव्हरांना पटवायला वेळ लागतो. रिकामा कार कॅरिअर भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याचा. त्याची बॉडी मोठी, वजन कमी. पावसात जोरात ब्रेक दाबला की चाकं लॉक होतात आणि ट्रेलर मागून फिरून घोड्याच्या शेजारी येऊ पाहतो. ओल्या उतारावर एक्झॉस्ट ब्रेकसुद्धा घोड्याची मागची चाकं घसरवू शकतो. माझ्याबाबतीत हे एकदाच झालं, रिकामा परत येताना, रिमझिम पाऊस नुकताच सुरू झालेला होता, रस्त्यावरचं तेल अजून धुतलं गेलं नव्हतं. आरशात ट्रेलरची कड हळूहळू बाहेर येताना दिसली. ब्रेक सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं, आणि ट्रेलर रेषेत परत आला. पुढे ज्या टपरीवर थांबलो तिथे माझ्या हातातला चहा हिंदकळत होता. रिकामं असताना पुढच्या गाडीपासूनचं अंतर दुप्पट करा. आणि खाडीपुलावर आडवा वारा असेल तर वेग उतरवा, बंद बॉडी शिडासारखी वारा धरते.

थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ हाताची मागची बाजू न्या, लावू नका. एक हब बाकीच्यांपेक्षा जास्त धग देत असेल तर ब्रेक अडकलाय किंवा बेअरिंग गेलंय. तो तसाच पळवला तर टायर पेटतो, आणि वर गाड्या असतात. आग विझवायचं सिलिंडर केबिनच्या बाहेर, हाताला लागेल असं ठेवा.

कागदांचं थोडक्यात सांगतो. ई-वे बिलाला (माल नेण्याच्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याला) दर 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो. घाटात अडकून पडलात तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या 8 तासांत ती वाढवून घेता येते. मालकाला फोन करायला सकाळ होऊ देऊ नका.

उभ्या गाड्यांचे प्रकार

चित्रदुर्गाच्या अलीकडे एका ढाब्यावर रात्री दोनला वरच्या डेकवरची एक गाडी बोंबलायला लागली. शेजारून अवजड ट्रक गेला की ट्रेलर हलायचा आणि गाडीला वाटायचं कुणीतरी तिला उचलून नेतंय. किल्ली घेऊन वर चढेपर्यंत अख्खा ढाबा जागा. बंद करून खाली आलो, पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू. सकाळी त्या गाडीची बॅटरी उतरलेली. अशा गाड्यांचा हलण्या-कलण्याचा सेन्सर बंद करता येतो. कसा, ते गाडीच्या पुस्तकात असतं. लोडिंगच्या वेळीच विचारून घ्या.

बॅटरी उतरलेली गाडी ही हल्लीची मोठी डोकेदुखी. जुन्या गाडीला धक्का मारून खाली घेता येत होतं. आता हँडब्रेक बटणाचा, गिअर विजेवर. बॅटरी नाही तर ब्रेक सुटत नाही आणि न्यूट्रल पडत नाही. इलेक्ट्रिक गाडीचंही तेच. मोठी बॅटरी भरलेली असली तरी 12 व्होल्टची छोटी बॅटरी मेली की दारसुद्धा उघडायला नखरे करते. अशी गाडी चाकं फिरवत ओढायची नाही, मोटर खराब होते. जंप केबल कायम जवळ ठेवा. आधी दोन्हीकडचे लाल चिमटे, मग चांगल्या बॅटरीला काळा, आणि शेवटचा काळा चिमटा मेलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. इलेक्ट्रिक गाडीला केबल कुठे लावायची ते आधी तिच्या पुस्तकात बघा.

ओढायचा हूक स्टेपनीजवळ असतो, बंपरवरची छोटी चौकोनी टोपी काढून आत फिरवायचा. काही जर्मन गाड्यांत त्याच्या आट्या उलट्या असतात. एका पोराने तो सुलटा फिरवून-फिरवून जोर लावला आणि "बसत नाही" म्हणून दोन आट्यांवरच ओढायला घेतला. मी पाहिलं म्हणून थांबला. हूक पूर्ण आत बसेपर्यंत ओढायचं नाही, तो सुटला तर गोळीसारखा येतो.

माकडांचाही अनुभव आहे. कसारा घाटात ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो होतो, उघडा ट्रेलर, आणि वरच्या गाड्यांवर माकडांचं अख्खं घराणं येऊन बसलं. दोन वायपरची रबरं ओढून नेली, एका छपरावर पावलांचे चिखलठसे. तेव्हापासून घाटात थांबावं लागलं तर केबिनमधून खायचं काही बाहेर काढत नाही. आणि रात्री धान्याच्या गोदामाशेजारी ट्रेलर लावत नाही, उंदीर बॉनेटमध्ये शिरून वायरी कुरतडतात. ते नुकसान गाडी सुरू करेपर्यंत दिसत नाही.

तुमची स्वतःची गाडी पाठवत असाल तर

बदली झालेल्या एका कुटुंबाने पुण्याहून गुवाहाटीला गाडी पाठवली. डिकी आणि मागची सीट सामानाने भरलेली, वर चादर घालून झाकलेली. मी विचारलं तर ताई म्हणाल्या, "भाऊ, थोडेच कपडे आहेत हो." कपड्यांच्या खाली आंब्याच्या लोणच्याची बरणी होती. बिहारमध्ये कुठेतरी ती फुटली. गुवाहाटीला दार उघडलं तेव्हा तेल, मोहरी, हिंग सगळं सीटमध्ये मुरलेलं. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण लोणचं त्यांच्या आईने घातलं होतं. गाडी रिकामी द्या. सामानाचा विमा गाडीच्या कागदात नसतो, आणि जास्तीच्या वजनाने गाडी स्प्रिंगवर खाली बसते, मग रॅम्पला घासते.

टाकीत पाव टाकीपेक्षा जास्त इंधन ठेवू नका. फास्टॅग काढून घ्या किंवा झाकून ठेवा, नाहीतर ट्रेलरवर बसलेल्या तुमच्या गाडीचा टोल कापला जाऊ शकतो. गाडी धुऊन द्या, ड्रायव्हरसमोर फोटो आणि व्हिडिओ काढा. गाडीत काही खोड असेल, सुरू व्हायला त्रास देते, हँडब्रेक सैल आहे, तर मोकळेपणाने सांगा. आम्ही त्याप्रमाणे ती जागा निवडतो. एक गाडी सैल हँडब्रेकची आहे हे मला रॅम्पच्या मध्यावर कळलं होतं.

गाडी घेताना उजेडात घ्या. रात्री पोचली तर सकाळपर्यंत थांबायला सांगा, किंवा पावतीवर 'अंधारात ताब्यात घेतली' असं लिहा. काही मोडलेलं दिसलं तर ते पावतीवर लिहूनच सही करा. वाहतूकदारावर दावा लावायचा असेल तर बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस द्यावी लागते. नुसत्या फोनवर भांडून काही होत नाही.

उतरवताना

चढवण्याची सगळी खबरदारी उलट्या क्रमाने. थकलेला माणूस पट्टे काढून मोकळा होतो आणि गुटके तसेच राहतात, मग गाडी गुटक्यावर चढून आपटते. आधी हँडब्रेक आणि गिअर तपासा, मग पट्टे, मग गुटके, आणि प्रत्येक गाडी उतरायच्या वेळीच सोडा. आठही गाड्यांचे पट्टे एकदम काढून ठेवायचे नाहीत.

किल्ल्या मी एका कापडी पिशवीत ठेवतो, प्रत्येकीला चेसिस नंबरचे शेवटचे चार आकडे लिहिलेली चिठ्ठी. आठ गाड्या, सोळा किल्ल्या. सांगलीला पाडव्याच्या आदल्या रात्री मोजल्या तर पंधरा भरल्या. शोरूममध्ये हारसुद्धा आणून ठेवले होते. दीड तास शोधल्यावर सोळावी किल्ली त्याच गाडीच्या सीट आणि दाराच्या फटीत सापडली, खिडकीतून बाहेर निघताना क्लीनरच्या खिशातून पडलेली. आता खिडकीतून निघण्याआधी किल्ली क्लीनरच्या हातात द्यायची आणि त्याने मोठ्याने आकडा म्हणायचा, अशी पद्धत आहे.

सही-शिक्का झाला की लगेच निघत नाही. डेकवर झाडू मारतो, राहिलेले गुटके गोळा करतो. मग पट्टे एकेक करून हातातून सरकवतो. जिथे कड फाटली आहे किंवा शिवण उसवली आहे तिथे कोयत्याने सरळ दोन तुकडे करून टाकतो, म्हणजे पुढच्या खेपेला कुणी चुकूनही तो उचलणार नाही. बाकीचे ओले असतील तर ट्रेलरच्या कठड्यावर वाळत घालतो, आणि वाळेपर्यंत क्लीनर स्टोव्हवर खिचडी टाकतो.